चिपी ते नांदेड, मुक्काम मरोळ

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. सकाळी दूधवाला, दुपारी सोसायटीचा सेक्रेटरी आणि संध्याकाळी नवरा, एवढ्यांना तरी रोज माझे दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. पण मे महिन्यातल्या त्या सोमवारी एक म्हातारा माणूस फोनवर माझ्यावर ओरडला आणि मी एक अक्षर उलट बोलले नाही. चूक माझी होती, आणि तिच्यावर पांघरूण घालायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

मी अंधेरीला मरोळमध्ये राहते, चौथ्या मजल्यावर. विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खाली जातात की चाकं मोजता येतात. आमच्या इमारतीतल्या सगळ्यांना एक सवय आहे. बोलताना विमान आलं की वाक्य तिथंच सोडायचं, ते जाऊ द्यायचं आणि मग उरलेलं वाक्य पुरं करायचं. नवीन सुनांना हे जमायला महिनाभर लागतो.

विमानाशी माझा संबंध पोटापाण्याचाही आहे. वीस वर्षं मी अंधेरी स्टेशनजवळच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढत होते. लोक मोबाइलवर स्वतःची तिकिटं स्वतः काढायला लागले आणि एजन्सीला कुलूप लागलं. आता मी पवईच्या एका लहानशा कंपनीसाठी घरून पानं लिहिते. त्यांची प्रवासाची वेबसाइट आहे. कुठलेही दोन विमानतळ घ्यायचे, मधलं अंतर द्यायचं, विमानाला किती वेळ लागतो ते द्यायचं आणि दोन्ही गावांबद्दल चार गोड ओळी लिहायच्या. दिवसाला तीस पानं. जळगाव ते कोल्हापूर, लातूर ते नाशिक, नांदेड ते चिपी.

वेळ काढायची रीत सोपी होती. नकाशावरचं सरळ अंतर घ्यायचं, त्याला ताशी सहाशे किलोमीटरनं भागायचं आणि वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा. त्या दोन गावांमध्ये विमान खरोखर जातं का, हे पानावर कुठेच येत नसे. मी सुरुवातीला कंपनीच्या मालकाला, सुयोगला, विचारलं होतं. सुयोग अठ्ठावीस वर्षांचा. तो म्हणाला, "शुभाताई, ही पानं माणसं नाही वाचत. मशीन वाचतं, सर्चमध्ये आपली साइट वर यावी म्हणून. तुम्ही बिनधास्त टाका." मग मीही टाकत गेले. दीड वर्षात किती टाकली, मोजलं नाही. पानाच्या तळाशी चौकशीसाठी माझंच नाव आणि मोबाइल नंबर होता, सुयोगनं तात्पुरता घातलेला. दीड वर्षात एकही फोन आला नव्हता, त्यामुळे सुयोगचं खरंच आहे असं मी धरून चालले होते.

आणि त्या सोमवारी फोन वाजला.

"ता चिपी-नांदेडचा पान तुमीच लिवलात?"

"हो, मीच."

"मगे विमान खंय आसा?"

"कुठलं विमान?"

"नांदेडाचा. एक तास पंचवीस मिनिटां लिवलात. मी आज विमानतळार जावन इलंय. थयलो माणूस म्हणता, हयसून नांदेडाक विमान नाय. आधी पण नव्हता. मगे ही एक तास पंचवीस मिनिटां तुमी खंयसून हाडलात?"

माझं माहेर चिपीजवळच्या कुडाळकडचं. मालवणीत ओरडा खाण्याची मला लहानपणापासून सवय आहे. मी म्हटलं, "काका, विमान गेलं तर तेवढा वेळ लागेल, असा तो अंदाज असतो."

"गेला तर! आतयेक मिशयो असत्यो तर तिका काको म्हटला असता. तुका कळता काय तू काय केलंस ता? मी ता पान देवाफुडे ठेवलंय."

त्यानं मला अहोवरून अगंवर आणलं होतं आणि ते बरोबरच होतं.

त्याचं नाव दत्ताराम. वय एकोणऐंशी. चिपीच्या विमानतळापासून पाऊण तासावर त्याचं गाव, तिथं तो एकटा राहतो. तरुणपणी लालबागच्या गिरणीत होता, संपानंतर गावी परतला. मुलगा राजेश बोरिवलीला. राजेश आणि सून दोघंही नोकरीवर, संसार एका खोलीत, म्हणून नात दिशा दहावीपर्यंत आजोबांजवळ वाढली. आजी आधीच गेलेली. त्यामुळे दोन वेण्या घालायला दत्तारामच शिकला, आणि रिबिनीचं फूल त्याला सुनेपेक्षा चांगलं जमायचं, हे त्यानं मला रागाच्या भरातही सांगितलं.

दिशा आता पवईला नोकरी करते. तिथंच तिनं विशालला पसंत केलं. विशालचं घर नांदेडचं, माणसं बौद्ध. दत्तारामनं ऐकल्या ऐकल्या सांगून टाकलं की करायचं तर कर, मी यायचो नाही. वर्षभर फोनवर तो नातीशी 'जेवलंस?' एवढं एकच बोलायचा. माझ्या माहेरीही असंच झालं असतं, हे मला ठाऊक होतं.

मग एप्रिलमधल्या एका दुपारी त्यानं मोबाइलला तोंडी विचारलं, चिपी ते नांदेड किती लांब. मोबाइलनं माझं पान पुढे केलं. अंतर पाचशे पस्तीस किलोमीटर, विमानानं एक तास पंचवीस मिनिटं. दत्तारामला वाटलं होतं नांदेड म्हणजे जगाच्या टोकाला. हे तर कणकवलीला बाजारात जाऊन यावं तेवढंच निघालं. त्यानं ते पान बाजारातल्या दुकानात छापून घेतलं, वर प्लास्टिक चढवून घेतलं आणि गावदेवाच्या, रवळनाथाच्या देवळात गेला.

आमच्याकडे कुठलंही मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतो, आपण गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. याला कौल म्हणतात. देवळात गावचे मानकरी बसलेले असतात, त्यांच्या देखत सगळं होतं. दत्तारामनं पान देवापुढं ठेवून विचारलं, की एका विमानानं एक तास पंचवीस मिनिटांत जातो, नातीला आशीर्वाद देतो आणि परत येतो, जाऊ का? उजवी पाकळी पडली. ज्यांना हे लग्नच पसंत नव्हतं ते मानकरीही गप्प झाले. दत्तारामनं तिथूनच दिशाला फोन करून सांगितलं, येतंय.

आता लग्न सहा दिवसांवर आलं होतं, रविवारी नांदेडला. आणि विमान नव्हतं.

"काका, तुम्ही काळजी करू नका," मी म्हटलं. वीस वर्षांचा हात होता, पाच मिनिटांत मार्ग सापडला. "शुक्रवारी दुपारी चिपीहून मुंबई. रात्री इथं मुक्काम. शनिवारी सकाळी मुंबईहून नांदेड. पोचता की नाही लग्नाआधी?"

"पोचतलंय. पण देवाक मी ह्या खंय इचारलंय? मी एक विमान सांगलंय. एक तास पंचवीस मिनिटां सांगलंय. देवान हो म्हटल्यान ता त्या एका विमानाच्या गजालीक. देवाक मी खोटा सांगलंय, तुझ्यामुळे."

"मग?"

"मगे काय. परत इचारूक व्हया. शुक्रवारी सकाळी. आणि ह्या खेपेक खरा काय ता लिवून धाड. घरासून मांडवापर्यंत. माका अंदाज नको."

मी विचारलं, "आणि डावी पाकळी पडली तर?"

तो म्हणाला, "तर नाय. साठ वर्षां मी कौल मोडूक नाय. आणि राजेशाक ह्यातला काय सांगू नको. तो हसात."

राजेशला मी ओळखतही नव्हते. पण फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन मी नुसती उभी राहिले. नवऱ्यानं विचारलं काय झालं, तर त्याच्यावर उगाचच डाफरले.

मंगळवारी आणखी एक फोन आला. मुलीचा आवाज.

"शुभाताई ना? तुमच्या साइटवर नंबर होता. मी दिशा. तुम्ही मला नाही ओळखत. ते चिपी-नांदेडचं पान तुम्ही लिहिलं ना? ते वाचून माझे आजोबा लग्नाला यायला तयार झाले. आम्ही सगळे वर्षभर समजावून थकलो यार, आणि तुमच्या एका पानानं काम केलं. मला फक्त थँक यू बोलायचं होतं."

मला खरं सांगायला हवं होतं. तोंडून निघालं, "अगं, त्यात काय."

"नाही, खरंच. ते नसते आले तरी लग्न झालंच असतं. पण मी रडत उभी राहिले असते. आता मस्त हसत उभी राहणार आहे."

एवढ्या वर्षांत मी काढलेल्या तिकिटांवर लोक गावी गेले, परदेशी गेले, आणि त्यात कुणी असा फोन केल्याचं मला आठवत नाही. आणि जो आला तो माझ्या खोटेपणाबद्दल आला. मला त्या मुलीचा राग आला, मग स्वतःचा आला आणि शेवटी नुसतंच रडू आलं.

बुधवारी मी तीस पानांऐवजी एकच पान लिहिलं. सुयोगचे तीन मेसेज आले, उत्तर दिलं नाही. दत्तारामला चार वेळा फोन केला. घरातून निघून रिक्षात बसायला किती वेळ लागतो, गुडघा कुठला दुखतो, औषध किती वाजता घ्यायचं असतं. तो वैतागला, पण सगळं सांगितलं. बोरिवलीच्या घरी राहता येणार नव्हतं, कारण राजेश आणि सून नांदेडला पुढे गेले होते, आणि सकाळी तिथून विमानतळ गाठणं त्याच्या गुडघ्याला झेपलं नसतं. हॉटेल म्हटल्यावर तर तो असा काही गप्प झाला की मी तो शब्द परत काढला नाही.

पान असं झालं. शुक्रवारी सकाळी साडेअकराला घरातून निघायचं, रिक्षानं चिपी पाऊण तास. विमान दीड वाजता, मुंबईपर्यंत साडेतीनशे किलोमीटर, सव्वा तास. उतरल्यावर चाकाची खुर्ची मिळेल, लाजू नये, बसावं. मुक्काम मरोळ, शुभा यांच्या घरी. चौथा मजला, लिफ्ट आहे, बहुतेक वेळा चालू असते. जेवणात मासे. विमानं डोक्यावरून जातात, झोप लागेलच असं सांगता येत नाही. शनिवारी सकाळी साडेआठला नांदेडचं विमान, चारशे सत्तर किलोमीटर, एक तास वीस मिनिटं. तिथून मांडव अर्धा तास. घर ते मांडव एकूण तेवीस तास, त्यातले हवेत दोन तास पस्तीस मिनिटं. सगळ्यात खाली मी लिहिलं, की या दोन विमानतळांमध्ये थेट विमान नाही, आधीच्या पानावर हे सांगितलं नव्हतं, ती चूक लिहिणारीची आहे, विचारणाऱ्याची नाही. देवाला खोटं कुणी सांगितलं ते देवाला कळायला हवं, असं मला वाटलं. जुन्याच्या जागी साइटवर हेच चढवलं आणि दत्तारामला मोबाइलवर पाठवलं.

दीड वर्षात मी लिहिलेलं ते पहिलं खरं पान होतं.

गुरुवारी दत्तारामचा फोन आला. "वाचलंय. ह्याका पण पलास्टिक लावून घेतलंय. तिकीट काढून ठेव. पाकळी डावी पडली तर फोन करतलंय, मगे रद्द कर."

शुक्रवारी सकाळपासून मी फोन हातात घेऊन बसले. आठ, नऊ, दहा. दूधवाल्यानं दूध पातळ दिलं होतं, त्याला काही बोलले नाही, त्यानंच मला विचारलं, बरं नाही का म्हणून. साडेअकरा झाले. बारा झाले. मी फोन लावला तर बंद. एक वाजला तरी बंद. डावी पाकळी पडली तर कळवतो म्हणाला होता, आणि तो शब्दाचा पक्का वाटत होता. पण ते सांगताना वाईट वाटतं म्हणून फोन बंद करून बसणारी माणसंही मी पाहिली आहेत. मी स्वतः त्यातलीच आहे.

शेवटी बाजारातून बांगडे आणून ठेवले आणि विमानतळावर गेले. माणसं बाहेर येत होती, गाड्यांकडे जात होती. सगळ्यात शेवटी एक चाकाची खुर्ची आली. तीत पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा आणि मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेला एक किडकिडीत म्हातारा. खुर्ची ढकलणाऱ्याला तो सांगत होता की सावकाश चल, घाई नाही.

"तू शुभा?" त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फोनार आवाज जाड वाटलो होतो."

मी त्याला वाकून नमस्कार केला. एरवी मी असल्या बाबतीत अंग चोरते, पण त्या वेळी हात आपोआप गेले. मनात एवढंच होतं, की देवा, तुझे उपकार झाले.

संध्याकाळी सातला आम्ही जेवायला बसलो. नवऱ्याची त्या दिवशी संध्याकाळची पाळी होती. दत्ताराम लवकर जेवणारा माणूस. बांगडा तोंडात घालून त्यानं ठरवलं की मासा कालचा आहे, पण आमटी बरी आहे. दुपारपासून त्याला विमानाची सवय लागली होती. आवाज आला की घास हातात धरून थांबायचा, गेलं की पुढे. आमच्या सुनांना महिना लागतो, त्याला तीन तास लागले.

मी म्हटलं, "काका, फोन बंद होता तुमचा. जीव टांगणीला लागला होता माझा. पण बरं झालं, उजवी पडली."

तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "नाय."

"डावी पडली?"

"डावी पण नाय. पडलीच नाय." त्यानं पाणी प्यायलं. "सकाळी सात वाजता बसलंय. गुरवान पाकळ्यो लावल्यान. गाऱ्हाणा घातलंय. तुझा अख्खा पान देवाक वाचून दाखवलंय, लिफ्टीसकट. आठ झाले, नऊ झाले, अकरा झाले. पाकळ्यो आपल्या जाग्यार. मानकरी घड्याळाकडे बघतत. गुरव म्हणता, देव इचार करता हा, थांबा. भायर रिक्षावालो हॉर्न मारता."

वरून विमान गेलं. तो थांबला. मीही थांबले. इतकं लांब विमान मी आजवर ऐकलं नव्हतं.

"मगे मी उठलंय," तो म्हणाला. "देवाक म्हटलंय, बाबा, साठ वर्षां तुका इचारल्याशिवाय मी काय करूक नाय. झिलाचा, राजेशाचा लगीन, बावडी खणूची, म्हशीक डॉक्टर हाडूचो, सगळा तुका इचारून. आज तू गप आसस. म्हणजे ह्या तू माझ्यार सोडलंस. माझ्यार सोडलंस तर मी जातंय. नात माझी आसा. तुझा काय ता मागसून सांग, माझा विमान चुकात."

"आणि मानकरी?"

"त्येंका काय बोलाचा ता बोलूंदेत. मी फोन बंद केलंय आणि रिक्षात बसलंय." त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली. डोक्यावर केस फारसे नव्हते. "बरा केल्यान देवान. हो म्हटल्यान असता तर मी तेच्या सांगण्यान इलंय असतंय. आता मी माझो इलंय. चेडवाक, दिशाक, सांगाक बरा."

मी ताट थोडं पुढे सरकवलं. मी म्हटलं, "काका, मला माफ करा. माझ्या त्या पानामुळे तुम्हाला हे सगळं..."

"तुझ्या त्या पानामुळेच," तो म्हणाला. "पान नसता तर मी घराकडेच बसून रवलंय असतंय. वर्षभर मी म्हणतंय लांब आसा, लांब आसा. तू जवळ करून दाखवलंस. खोटा तर खोटा. तुझे उपकार आसत गो बाय."

"पण तुम्ही येणार नव्हतात ना? मग मोबाइलला अंतर कशाला विचारलंत?"

"जेव आधी," दत्ताराम म्हणाला. "बांगडो थंड होता."

सकाळी लिफ्ट चालू होती. विमानतळाच्या दारात त्यानं पिशवीतून पहिलं पान काढून माझ्या हातात दिलं, ते एक तास पंचवीस मिनिटांचं, प्लास्टिक चढवलेलं. म्हणाला, "ह्या तुझा. खोटा आसा, माका नको." दुसरं सदऱ्याच्या खिशात होतं, खिशाच्या वर चार बोटं दिसत होतं. मग खुर्चीवाल्याला म्हणाला की चल बाबा, आणि मागे वळून पाहिलं नाही.

घरी येऊन मी कॉम्प्युटर उघडला आणि जुनी पानं काढायला घेतली. ज्या ज्या दोन गावांमध्ये विमान नाही, त्या प्रत्येक पानावर पहिलीच ओळ टाकायची: थेट विमान नाही. मग कुठून कसं जाता येईल ते. पस्तीस पानं झाली तेव्हा सुयोगचा फोन आला.

"ताई, हे काय करताय? पहिल्याच ओळीत नाही म्हटलं तर लोक पान बंद करतील ना."

"लोक?" मी म्हटलं. "तू तर म्हणाला होतास मशीन वाचतं."

मी त्याला म्हटलं की माझा नंबर तात्पुरता होता, आता कायमचा ठेव. त्यालाही मी चांगलंच झापणार होते, पण त्या दिवशी मनात कुणाबद्दल राग म्हणून सापडेना. दीड वर्ष मी कुणी वाचत नाही असं समजून लिहीत होते. एका माणसानं वाचलं होतं, छापून घेतलं होतं, देवाला वाचून दाखवलं होतं. एवढं कुणाच्या नशिबी येतं?

साडेबाराला फोन वाजला.

"शुभा? दत्ताराम बोलतंय. तुझा पान चुकीचा आसा."

"आता काय झालं?"

"तेवीस तास लिवलंस. माका चोवीस लागले."

"विमान उशिरा सुटलं?"

"विमान येळेर. सगळा येळेर. दिशा विमानतळार इली होती न्हेऊक. रडली, मगे हसली. मगे सगळी मांडवाकडे निघालंव, तर वाटेत विशालचा घर. तेची आजी, सुंदराबाई, दारात उभी. माझ्याच वयाची. म्हणाली, मांडवात सगळेच जेवतात, तुम्ही आधी माझ्या घरात चहा घ्या. दिशा माझ्याकडे बघता. राजेश खाली बघता. मी चप्पल काढलंय आणि आत गेलंय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चाय पियालंय. मगे तिणा भाकरी टाकल्यान, ठेचो दिल्यान. ती पण खालंय. ठेचो जाळ होतो. दिशाच्या लहानपणी वेण्यो कोण घाली ता तिणा इचारल्यान, मी सांगलंय. तास गेलो."

माझ्या गच्चीवरून विमान आलं. त्याला ते तिकडे ऐकू गेलं असावं, कारण तोही थांबला. आम्ही दोघांनी फोन कानाला धरून ते जाऊ दिलं.

"म्हणान सांगतंय," तो म्हणाला, "तो तास पण पानार लिव. त्या वाटेन जाणाऱ्याक तो लागता."

त्यानं फोन ठेवला. मी डोळे पुसले, चिपी-नांदेडचं पान उघडलं आणि तेवीसचे चोवीस केले. नांदेड विमानतळ आणि मांडव यांच्या मधे एक ओळ घातली: वाटेत सुंदराबाईंच्या घरी एक तास.